ललिता पवार : ज्या चेहऱ्याचा आपण राग केला

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात आम्ही बचत गटाच्या बैठकीसाठी जातो. गटात साठीच्या पुढच्या एक बाई आहेत. तरुणपणी ऊसतोडीला गेल्या असताना मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढताना त्या पडल्या. उपचार नीट झाले नाहीत आणि पाठीला कायमचा बाक आला. त्या हिशोबाला पक्क्या आहेत, कर्जाचा हप्ता कधी चुकवत नाहीत. तरीही गावात त्यांना पाठीमागे मंथरा म्हणतात. वाईट वाटते ते याचे, की आपल्या वस्तीतली मुलेही म्हणतात.

ज्या घरांत रामायणाची पोथी कधी उघडली जात नाही, तिथे हे नाव आले कुठून, असा प्रश्न आम्हाला पडला. उत्तर सोपे आहे. ते टीव्हीवरून आले. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्मही झाला नव्हता. पण २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली आणि आम्हीही ती पाहिली. त्यातली मंथरा, तो बारीक झालेला डावा डोळा, ती तिरकी नजर, एकदा पाहिली की विसरत नाही. हा चेहरा होता ललिता पवार यांचा. तो तसा का झाला होता, हे मात्र मंथरा म्हणून चिडवणाऱ्यांना माहीत नसते. म्हणून त्यांच्या आयुष्याची ही गोष्ट.

ललिताबाईंचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. पैठणीमुळे येवल्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. आपल्या समाजाला हे गाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यातच. आज ती जागा मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. त्या दिवशी गावची ही मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि येवला सोडून सिनेमात केव्हाच रुळली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण जन्माने ठरवून दिलेल्या जागेवर माणसाने बसायचे की नाही, हा प्रश्न पुढे ललिताबाईंच्या भूमिकांमधून वेगळ्या रूपात समोर येतो.

त्या काळी चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जाऊ नये, असे सरसकट मानले जाई. दादासाहेब फाळक्यांना पहिल्या चित्रपटात स्त्री भूमिकेसाठी पुरुष उभा करावा लागला, त्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. अशा काळात पुण्यात नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीत अंबा बालकलाकार म्हणून दाखल झाली. तो मूकपटांचा जमाना होता. पडद्यावर आवाज नाही, म्हणून सगळे काम चेहऱ्याने आणि अंगाने करायचे. आज लहान पडद्यावरही त्यांची मंथरा एवढी बोलकी वाटते, त्याचे मूळ या तालमीत आहे.

अंबाची ललिता झाली आणि विसाव्या वर्षाच्या आतच ती नायिका झाली. १९३२ मध्ये ‘कैलास’ या मूकपटात तिने काम केलेच, त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. बोलपट आल्यावर ‘दुनिया क्या है’ हा चित्रपट तिने काढला. तो टॉलस्टॉयच्या ‘रेझरेक्शन’ कादंबरीवर बेतलेला होता. मोठ्या घरच्या पुरुषाने फसवलेल्या आणि पुढे न्यायालयात गुन्हेगार म्हणून उभ्या केलेल्या एका मोलकरणीची ती कथा आहे. विशीतल्या एका मराठी मुलीने पदरचे पैसे आणि नाव पणाला लावून हा विषय निवडला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या गातही असत. पहिले लग्न गणपतराव पवारांशी झाले. ते टिकले नाही, पण पवार हे आडनाव कायम राहिले. पुढे त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी लग्न केले.

मग १९४२ साल आले. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात अभिनेते भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. भगवान म्हणजे पुढे ‘अलबेला’मुळे गाजलेले भगवानदादा, गिरणी कामगाराच्या घरातून आलेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण अंदाज चुकला आणि हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचार काही वर्षे चालले, पण डोळा पूर्ववत झाला नाही.

ही गोष्ट सिनेमाच्या गप्पांमध्ये गंमत म्हणून किंवा नशिबाचा खेळ म्हणून सांगितली जाते. आम्ही समाजकार्याचे काम करतो, म्हणून आम्हाला ती वेगळी दिसते. हा कामावर झालेला अपघात होता. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ पासून होता, पण नट-नट्यांना कामगार समजायची पद्धत नव्हती. चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियम आणि कल्याण निधी यांसाठी संसदेने कायदे केले ते थेट १९८१ मध्ये. म्हणजे ललिताबाईंच्या अपघातानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. ज्या बाईचा चेहरा हेच कामाचे हत्यार होते, तिचे हत्यार कामावरच मोडले होते. आता तिने काय करायचे, हा प्रश्न तिचा तिनेच सोडवायचा होता.

नायिकेच्या भूमिका थांबल्या. वय होते सव्वीस. आपल्या गावांत अंगाला व्यंग आलेल्या बाईला पहिल्यांदा सांगतात ते घरात बसायला. ललिताबाई बसल्या नाहीत. १९४४ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात त्या दिसल्या, आनंदीबाईंच्या भूमिकेत. नायिकेची खुर्ची गेली म्हणून रडत न बसता त्यांनी चरित्र भूमिकांचा रस्ता धरला, आणि त्यावर पुढची पाच दशके चालल्या.

या आनंदीबाईंच्या भूमिकेपाशी जरा थांबायला हवे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. खून गारद्यांनी केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी धरले ते राघोबादादांना. पण मराठी माणसाच्या तोंडी काय राहिले? आनंदीबाईंनी ध चा मा केला. ही गोष्ट दंतकथेच्याच जास्त जवळची आहे, तरी म्हण बनून ती घराघरांत पोहोचली. सत्ता पुरुषांची, तलवार पुरुषांची, गादीचा लोभ पुरुषांचा आणि नाव मात्र बाईचे. ललिताबाईंच्या वाट्याला पुढे आलेल्या अनेक भूमिकांचा साचा हाच आहे. घराण्यात पाप घडते, त्याचा लाभ कुणा दुसऱ्यालाच होतो आणि दोष एका बाईच्या पदरात टाकून सगळे मोकळे होतात.

१९५० मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ आला. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू ललिताबाईंनी केली. चित्रपट हुंड्याच्या विरोधात होता, हेतू चांगला होता. हुंडाबंदीचा कायदा व्हायला तेव्हा अजून अकरा वर्षे होती. लोकांनी सासूला शिव्या घातल्या. पण हुंडा ही एकट्या सासूची हौस नसते. जातीतच लग्न, मुलाचा भाव, जमिनीची वाटणी, बापाची प्रतिष्ठा हे सगळे तिच्या मागे उभे असते. आजही आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मुली आधी सासूचेच नाव घेतात. दोन-तीन वेळा बोलल्यावर समजते की पैसे मागायचे ठरले ते ओसरीवरच्या पुरुषांच्या बैठकीत. सासूला फक्त बोलायचे काम दिलेले होते. खाष्ट सासू म्हटले की एका पिढीला ललिता पवारच आठवायच्या, हे त्यांच्या अभिनयाचे यश होते. पण त्या आठवणीने ओसरीवरची बैठक झाकली गेली, हेही खरे.

आपल्या वाचकांनी आवर्जून पाहावा असा एक चित्रपट म्हणजे १९५५ चा गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले, त्यातला हिंदू विवाह कायदा १९५५ चा. बाईला घटस्फोट मागता येईल की नाही, यावर देशभर वाद पेटलेला असताना हा चित्रपट आला. त्यात ललिताबाईंनी सीतादेवी नावाची आत्या केली आहे. ती स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा घेते, घटस्फोटाच्या कायद्याची बाजू मांडते. चित्रपट मात्र तिला हास्यास्पद करतो. भाचीचा संसार मोडायला निघालेली, पुरुषांचा द्वेष करणारी बाई असे तिचे चित्र रंगवतो. चित्रपटाची गाणी, मधुबालाचे हसू सगळे छान आहे. पण आपल्या आया-बहिणींना जो हक्क मिळावा म्हणून बाबासाहेब झिजले, तो हक्क मागणाऱ्या बाईला पडद्यावर खलनायिकेचा चेहरा दिला गेला. तो चेहराही ललिता पवार यांचाच होता.

मग त्यांना वेगळे काही मिळालेच नाही का? मिळाले, आणि त्यांनी त्याचे सोने केले. त्याच १९५५ मध्ये राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ मध्ये त्या केळीवाली गंगामाई झाल्या. मुंबईच्या फूटपाथवर केळी विकणारी, ओरडणारी आणि उपाशी पोराला माया लावणारी. कष्टकरी बाईचा आवाज मोठा असतो म्हणून ती वाईट नसते, हे त्या भूमिकेतून सहज कळते. १९५९ च्या ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा या ख्रिस्ती घरमालकीणबाई तर त्यांच्या सगळ्या कामांत वरच्या. भाड्यासाठी भाडेकरूवर खेकसणाऱ्या आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव टाकणाऱ्या. औषध कंपनीच्या सदोष औषधाने त्यांचा जीव जातो आणि आळ येतो गरीब नायकावर. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘जंगली’मधली कडक शिस्तीची आई, ‘प्रोफेसर’मधली प्रेमात पडलेली करारी बाई, १९७१ च्या ‘आनंद’मधली रुग्णालयातली मेट्रन, अशी ही यादी लांबत जाते.

या सगळ्या भूमिकांमध्ये डोळा तोच आहे. ‘अनाडी’त त्याच डोळ्यात माया दिसते आणि ‘दहेज’मध्ये त्याच डोळ्यात विष. म्हणजे दुष्टपणा डोळ्यात नव्हता. तो लेखकाने लिहिलेला होता आणि आपण तो शरीरावर चिकटवला. समाजशास्त्रात याला कलंक लावणे म्हणतात. माणसाच्या शरीरावरची एखादी खूण पाहून त्याचा सगळा स्वभाव ठरवून टाकायचा, आणि मग त्याच्याशी तसेच वागायचे. जातीचे याहून वेगळे काय आहे?

आता मंथरेकडे येऊ. ललिताबाईंनी ती दोनदा केली. पहिल्यांदा १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटात आणि दुसऱ्यांदा वयाच्या सत्तरीत, टीव्हीवर. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. गावात ज्या एकदोन घरांत टीव्ही असे, तिथे सगळ्या आळ्यांतले लोक जमायचे. आपल्या वस्तीतल्यांना कुठे दारात, कुठे ओट्याखाली बसून पाहावे लागे, असे आमच्या घरची मोठी माणसे सांगतात.

तो काळही लक्षात ठेवायला हवा. मालिका ऐन भरात असतानाच महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथावरून वादळ उठले होते. राम आणि कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट वगळावे अशी मागणी झाली, आणि ते वगळू नये म्हणून १९८८ च्या सुरुवातीला आपला समाज मुंबईत रस्त्यावर उतरला. त्याच वर्षी मालिका संपत आली तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी, वाल्मीकींच्या आश्रमातला पुढचा भागही दाखवावा म्हणून काम बंद केले होते. म्हणजे या कथेत आपली जागा कुठे, हा प्रश्न त्या वर्षी अनेक जण आपापल्या परीने विचारत होते. मंथरेच्या वतीने तो कुणी विचारला नाही.

मंथरा कोण होती? कैकेयीच्या माहेराहून आलेली कुबडी दासी. राजाने वर दिले होते राणीला, वर मागितले राणीने, गादी मिळणार होती राणीच्या मुलाला. मंथरेला त्यातले काय मिळाले? वाल्मीकी रामायणात शत्रुघ्न तिला फरफटत नेतो आणि भरत त्याला आवरतो. राणी महालात राहते, दासी जमिनीवर घासली जाते. ललिताबाईंची मंथरा नीट पाहिली तर तिच्या डोळ्यात कपटाबरोबर एक भीतीही दिसते. मालकिणीचे दिवस फिरले तर आपले काय होणार, ही आश्रिताची भीती. मोठ्या वाड्यावर आयुष्यभर राबलेल्या आपल्या आज्यांना ती अनोळखी नव्हती.

बौद्ध परंपरेतही एक कुबडी दासी आहे. तिचे नाव खुज्जुत्तरा. कोसंबीच्या उदेन राजाची राणी सामावती, तिची ही दासी. राणीसाठी रोज फुले आणायला तिला आठ नाणी मिळत. ती चार नाण्यांची फुले घेई आणि चार स्वतः ठेवी. एके दिवशी तिने भगवान बुद्धांचा उपदेश ऐकला. त्या दिवशी आठही नाण्यांची फुले घेऊन ती परतली. राणीने विचारले तेव्हा तिने आधीची लबाडी कबूल केली. राणीने तिला हाकलले नाही. उलट तिला उंच आसनावर बसवून धम्म ऐकला. महालातल्या स्त्रिया शिष्या झाल्या आणि दासी गुरू झाली. बुद्धांनी बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला पहिले स्थान दिले. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला, असे परंपरा मानते.

इथे आपल्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. पुढच्या काळातल्या अट्ठकथेत खुज्जुत्तरेच्या कुबडाचे कारण मागच्या जन्मातले पाप असे दिले आहे. म्हणजे व्यंगाला पापाशी जोडायची खोड आपल्याही ग्रंथांत शिरली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला, कारण त्याने गरिबाला आणि अपंगाला स्वतःच्या दुःखाचा गुन्हेगार ठरवता येते. म्हणून बौद्ध वस्तीतल्या पोराने कष्टात पाठ मोडलेल्या बाईला मंथरा म्हणणे, हे आम्हाला साधे चिडवणे वाटत नाही.

ललिताबाई शेवटी पुण्यात औंधला राहत होत्या. तोंडाच्या कर्करोगाने २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. मूकपटापासून टीव्हीपर्यंत सात दशके काम केलेली ही कलावंत. एका थपडेने नायिका संपली तरी कामगार संपली नाही. लोकांनी त्यांचा राग केला तेव्हा त्यांनी तो आपल्या कामाची पावती म्हणून घेतला असेल. पण ज्या बायकांना पुरस्कार मिळत नाहीत, नुसताच राग मिळतो, त्यांचे काय?

त्यांच्यासाठी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. आपल्या वस्तीत पाठ, डोळा, हात, पाय कामावर गमावलेली माणसे असतील तर त्यांचे प्रमाणपत्र निघाले आहे का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला आहे का, हे घरी जाऊन विचारा. गंगाखेडच्या त्या बाईंच्या प्रमाणपत्रासाठी आम्हाला चार फेऱ्या माराव्या लागल्या, पण ते निघाले. दुसरी गोष्ट विहारातली. वर्षावासात कथा सांगायची असेल तेव्हा खुज्जुत्तरेची सांगा. मागच्या वर्षी आम्ही ती त्या गावच्या विहारात सांगितली. बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. बैठक संपल्यावर त्यांनी खुज्जुत्तरेचे नाव दोनदा म्हणून घेतले आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानावर ते लिहून द्यायला सांगितले.